शिशापाशी तंगूस तुटू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणच्या किनाऱ्यावर खडपावरून, जेट्टीवरून किंवा खाडीच्या तोंडाशी तळाला गरवणाऱ्यांकडून, म्हणजे गळ टाकून मासे धरणाऱ्यांकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. तंगूस म्हणजे गरवायची नायलॉनची दोरी, शिसं म्हणजे तिला तळाला नेणारं वजन आणि खडप म्हणजे किनाऱ्याचा खडक. रॉड नुकताच हातात घेतला असेल तर पहिल्यापासून वाचा. बरीच वर्षं गरवत असाल तर ११व्या प्रश्नापासून पुढचा भाग जास्त कामाचा आहे.

१. तंगूस एवढी लांब असते, मग ती नेमकी शिशापाशीच का तुटते?

कारण तिचे तिन्ही वैरी तिथेच एकत्र येतात. गाठ तिथे असते, आणि गाठ मारली की तंगूस थोडी कमजोर होतेच. घासणं तिथे होतं, कारण तळाला टेकणारा आणि खडपावरून फरफटणारा भाग तोच. आणि झटकाही तिथेच बसतो: फेकताना, शिसं आपटताना, अडकल्यावर ओढताना.

म्हणूनच नुसती जाड तंगूस आणून फारसं साधत नाही. गाठ चुकीची असेल तर जाड तंगूसही सुटते, आणि कालवाच्या कडेवर घासली तर जाडही कापली जाते. जाड तंगूस पाण्याच्या ओढीत जास्त वाहते, मग तिला धरून ठेवायला शिसं वाढवावं लागतं आणि झटका आणखी वाढतो. आधी तिघांपैकी कोणाचं काम आहे ते शोधा. त्याची खूण तुमच्या हातातच असते, पुढचं उत्तर पाहा.

२. तुटण्याचं खरं कारण कसं ओळखायचं?

तुटलेलं टोक बघून. बहुतेक जण तंगूस तुटली की वैतागून टोक कापून टाकतात आणि नवं शिसं बांधतात. तसं करू नका. टोक बोटांत धरा, उजेडाकडे करा आणि शेवटच्या वीतभर भागावरून नखाची कड हळूच फिरवा.

टोक डुकराच्या शेपटासारखं वेटोळं झालेलं असेल, तर तंगूस तुटलेली नाही, गाठ सरकून सुटली आहे. वेढे कमी पडले, गाठ पुरती आवळली नाही किंवा शेपूट फारच तोकडं कापलं (प्रश्न ५).

टोकाजवळचा भाग पांढुरका, धुरकट आणि नखाला खरखरीत लागत असेल, तर ती घासून गेली आहे. हा खरखरीतपणा इंचभरच असेल तर संशय शिशाच्या भोकावर (प्रश्न ४). हातभर लांब असेल तर खडपावर (प्रश्न १४).

वरचा भाग गुळगुळीत आणि टोक एका फटक्यात कापल्यासारखं असेल, तर कालवाची कड, जेट्टीच्या खांबावरचे बार्नेकल (चिकटून वाढणारे धारदार कवचाचे जीव) किंवा माशाचे दात (प्रश्न १५).

टोक ओढून बारीक झालेलं आणि शेवटी गुंडाळी मारलेलं असेल, तर ताण तिच्या ताकदीबाहेर गेला. फेकताना असं झालं असेल तर प्रश्न ६ आणि ७, मासा लागल्यावर झालं असेल तर प्रश्न १६.

आणि हातात धरून वाकवली तरी कडकन मोडत असेल, तर तंगूस जुनी झाली. तिला बाकी कोणताही उपाय लागू नाही (प्रश्न १८).

३. मी शिसं तंगुशीत ओवतो आणि खाली गळ बांधतो. शिसं गाठीवर येऊन थांबतं. यात चूक काय?

मांडणी चांगली आहे, फक्त शिसं आणि गाठ यांच्यामध्ये काही नाही. प्रत्येक फेकीला ते शिसं सर्व वजनानिशी गाठीवर आदळतं, आणि तळाला लाटेबरोबर हलतानाही तिला ठोकत राहतं. काही वेळाने गाठीचा वरचा वेढा चेपतो आणि तंगूस तिथेच जाते.

उपाय स्वस्त आहे. रॉडकडून येणाऱ्या तंगुशीत आधी शिसं ओवा, मग एक प्लॅस्टिकचा मणी ओवा आणि खाली स्विव्हल (दोन बाजूंना कड्या असलेली, गोल फिरणारी धातूची जोडणी) बांधा. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला हातभर तंगूस आणि तिच्या टोकाला गळ. आता शिसं मण्यावर आदळतं, मणी स्विव्हलवर टेकतो आणि गाठ मण्याच्या पोकळीत राहते. मणी मऊ प्लॅस्टिकचा किंवा रबराचा असावा. काचेचा नको, फुटला की त्याचीच धार होते. त्याचं भोक गाठ आत जाईल एवढं मोठं असावं, पण स्विव्हलची कडी आत शिरेल एवढं नको.

एवढी एकच दुरुस्ती करायची असेल तर हीच करा.

४. शिशाच्या भोकाला धार असते म्हणतात. शिसं तर मऊ असतं, ते तंगूस कापेल कसं?

शिसं मऊ असतं तिथेच घोळ होतो. साच्यात ओतलेल्या शिशात भोक ठेवण्यासाठी तार किंवा खिळा घालतात आणि शिसं थिजल्यावर तो उपसून काढतात. उपसताना भोकाच्या तोंडाशी पातळ ओठासारखी कड वर येते. नवं शिसं घेतलं की भोकावर करंगळीचं नख फिरवा, कड लगेच लागते. कापसाचा बोळा भोकातून ओढून पाहा, तंतू अडकले तर तंगूसही अडकणार.

दुसरा त्रास वापरल्यावर सुरू होतो. खडपावर आपटून भोकाचं तोंड चेपतं आणि त्या मऊ शिशात वाळूचे कण रुतून बसतात. दोनचार दिवस वापरलेलं शिसं भिंगाखाली पाहिलंत तर भोकाच्या तोंडाशी कणच कण दिसतील. तंगूस प्रत्येक हेलकाव्याला त्यावरून जाते.

यावर तीन मार्ग. भोकापेक्षा जाड ड्रिल बिट हातात धरून दोन्ही तोंडांवर चारपाच वेढे फिरवा, म्हणजे कड जाऊन तोंड पसरट होतं. किंवा संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा भोकातून घाला, दोन्हीकडे थोडा बाहेर ठेवा आणि तंगूस त्या नळीतून जाऊ द्या. मला सगळ्यात आवडतो तो तिसरा: भोकाचं शिसं वापरायचंच नाही. वर तारेची कडी असलेलं शिसं घ्यायचं, आणि ते तंगुशीवर सरकणाऱ्या एका मोठ्या कडीच्या स्विव्हलला किंवा क्लिपला अडकवायचं. शिशाचा आणि तंगुशीचा संबंधच राहत नाही, आणि वजन बदलायला गाठ सोडावी लागत नाही.

५. शिशाला किंवा स्विव्हलला बांधायला कोणती गाठ चांगली?

पालोमार. सोपी आहे, अंधारात बांधता येते आणि ताकद फार कमी खाते. तंगूस वीतभर दुमडून दुहेरी करा आणि तो दुमडलेला भाग कडीतून पलीकडे न्या. दुहेरी तंगुशीची साधी सैल गाठ मारा. आता टोकाला जो फास राहिला आहे त्यातून अख्खं स्विव्हल पार करा. ओलं करा, दोन्ही बाजूंनी सावकाश ओढा. शिसं मोठं असेल आणि फासातून जात नसेल, तर युनि गाठ मारा किंवा पाचसहा वेढ्यांची सुधारित क्लिंच. ब्रेडला (बारीक तंतू विणून केलेल्या दोरीला) मात्र क्लिंच मारू नका, ती गुळगुळीत असल्यामुळे सरकते. ब्रेडला पालोमारच.

गाठ कोणतीही असो, आवळण्याआधी ओली करा. कोरडी गाठ झटक्याने ओढली की घर्षणाने नायलॉन तापतो आणि वेढ्यांखालची तंगूस कमजोर होते. बाहेरून ते दिसत नाही. वेढे एकमेकांवर चढले असतील तर गाठ कापा आणि पुन्हा मारा. शेपूट दोनतीन मिलिमीटर ठेवा. मग स्विव्हल एखाद्या खिळ्यात अडकवून तंगूस जोरात ओढून पाहा. सुटायची असेल तर किनाऱ्यावरच सुटू दे.

६. १०० ग्रॅमचं शिसं फेकायचं तर तंगूस किती ताकदीची हवी?

पूर्ण ताकदीने लांब फेकणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: साधारण २८ ग्रॅम शिशामागे साडेचार किलो. म्हणजे ६० ग्रॅमला साडेनऊ किलो, १०० ग्रॅमला १६ किलो, १५० ग्रॅमला २४ किलो. फेकताना शिशाचा ओढा त्याच्या स्थिर वजनाच्या कित्येक पटींनी वाढतो, म्हणून हे आकडे एवढे मोठे आहेत. जेट्टीवरून नुसतं खाली सोडत असाल किंवा खांद्याखालून हलकेच टाकत असाल तर निम्म्यातही भागतं.

वेष्टनावरचा आकडा कोरड्या आणि नव्या तंगुशीचा असू शकतो. नायलॉन पाणी शोषतो आणि भिजल्यावर साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त ताकद गमावतो. गाठीचं नुकसान त्यात आणखी.

पण १६ किलोची तंगूस सगळ्या रीलवर भरू नका. ती कमी बसते आणि लांब जात नाही. रीलवर बारीक तंगूस, पुढे जाड शॉक लीडर (फेकीचा झटका सोसणारा जाड तंगुशीचा तुकडा), असं करतात.

७. शॉक लीडर किती लांब ठेवायचा आणि जोडायचा कसा?

फेकण्याच्या तयारीत असताना शिसं रॉडच्या टोकाखाली लोंबत असेल आणि रीलवर लीडरचे निदान चारपाच वेढे असतील, एवढा. १० फुटी रॉडला साधारण रॉडच्या दुप्पट लांबी आणि वर ते वेढे, म्हणजे सातेक मीटर. वेढे महत्त्वाचे आहेत. ते नसतील तर फेकीचा झटका जोडगाठीवर किंवा बारीक तंगुशीवर येतो आणि लीडर असून नसल्यासारखा होतो.

नायलॉनला नायलॉन जोडायला दुहेरी युनि किंवा ऑलब्राइट. ब्रेडला नायलॉन जोडायला एफजी नावाची गाठ सगळ्यात बारीक बसते, पण तिचा हात बसायला वेळ लागतो. घरी सराव करा, खडपावर वाऱ्यात शिकायची ती गाठ नाही. जोडगाठ रीलवर बोटाखाली येणार नाही अशी बाजूला ठेवा, नाहीतर फेकताना बोट सोलवटतं.

८. फेकतानाच शिसं तुटून हवेत उडून गेलं. लीडर होता, गाठही ठीक होती.

हे सगळ्यात धोक्याचं आहे. १०० ग्रॅमचं सुटलेलं शिसं माणसाचं डोकं फोडू शकतं. मरीन ड्राइव्हसारख्या गर्दीच्या जागी किंवा रविवारी जेट्टीवर मागे आणि बाजूला कोण आहे ते पाहिल्याशिवाय पूर्ण ताकदीने फेकूच नये.

कारण बहुतेक वेळा तंगूस अचानक अडण्यात असतं. एक म्हणजे स्पिनिंग रीलची बेल (तंगूस रीलवर गुंडाळणारी तारेची कमान) फेकीच्या मध्येच झाकली जाते. दुसरं, रॉडच्या टोकाला तंगुशीचा वेढा बसलेला असतो, वारा असला की हे फार होतं. प्रत्येक फेकीआधी टोकाकडे नजर टाका. तिसरं, रॉडच्या एखाद्या गाइडमधली (तंगूस ज्यातून जाते त्या कड्यातली) सिरॅमिकची कडी तडकलेली असते. कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कडीच्या आतून गोल फिरवा, तडा असेल तिथे कापूस अडकतो. टोकाची कडी सगळ्यात आधी तपासा.

९. ब्रेड घेतली तर ही कटकट संपेल का?

नाही, उलट शिशापाशी वाढेल. ओढायला ब्रेड त्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी भक्कम असते, पण घासायला फार नाजूक. तिचे तंतू बारीक असतात आणि कालवाच्या कडेला एकेक करून तुटत जातात. शिवाय ती ताणत नाही, त्यामुळे नायलॉन जो झटका ताणून पचवतो तो ब्रेडमध्ये थेट गाठीवर जातो.

रीलवर ब्रेड जरूर ठेवा, लांब जाते आणि चावा बोटाला कळतो. पण शेवटचे काही मीटर नायलॉन किंवा फ्लोरोकार्बन (नायलॉनसारखीच दिसणारी वेगळ्या प्लॅस्टिकची तंगूस) असायलाच हवं, आणि शिसं त्याच भागावर. फ्लोरोकार्बन पाणी शोषत नाही आणि घासायला चिवट असतं, पण कडक असल्यामुळे गाठ नीट बसवावी लागते. महागही आहे. खडपावर मला त्याचे पैसे वसूल होताना दिसत नाहीत; चांगलं जाड नायलॉन तेच काम करतं.

१०. चिमटीने दाबून लावायची छोटी शिशं जिथे लावतो तिथेच तंगूस तुटते. का?

कारण ती तंगूस चेपतात. पक्कडीने जोरात दाबलं की शिशाच्या खाचेत नायलॉन चपटा होतो, आणि खाली सरकवताना घासलाही जातो. बोटांनी दाबून बसेल एवढीच दाबा. सरकत असेल तर दोन छोटी लावा, एक मोठं आवळू नका. हलवायचं असेल तर उघडून हलवा. बारीक तंगूस असेल तर शिसं मुख्य तंगुशीवर न लावता स्विव्हलला बांधलेल्या वेगळ्या आखूड तुकड्यावर लावा.

आणि दाताने दाबू नका, मुलांना तर अजिबात करू देऊ नका. शिसं विषारी आहे आणि ते शरीरात साठतं. शिसं हाताळून तसेच हात वडापावला लावू नयेत, एवढं लक्षात असू द्या.

११. खडपात शिसं अडकतं आणि दर वेळी शिसं, गळ, लीडर सगळंच जातं. काय करू?

शिसं जायचंच असेल तर एकटं जावं, अशी मांडणी करा. त्यासाठी शिशाला मुद्दाम कमजोर दोरा लावतात. या एका सवयीने तंगूस वाचते, मासा वाचतो आणि समुद्रात कचरा कमी पडतो, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतो.

मांडणी अशी. सगळ्यात खाली शिसं ठेवा आणि गळ त्याच्या वर, बाजूला काढलेल्या आखूड फांदीवर. मुख्य तंगूस खालच्या टोकाला एका स्विव्हलवर संपते. त्या स्विव्हलपासून शिशापर्यंत वीतभर तुकडा लावा, पण मुख्य तंगुशीच्या निम्म्याहून कमी ताकदीचा. मुख्य १६ किलोची असेल तर हा पाचसहा किलोचा. शिसं फटीत बसलं की तुम्ही ओढता, वीतभर दोरा तुटतो आणि गळ, मासा, स्विव्हल सगळं हातात येतं. तांबोशी किंवा गोब्रा लागला आणि शिसं अडकलं तरी मासा सुटत नाही.

जुन्या, घासलेल्या तंगुशीचा तुकडा यासाठी वापरावा असं सांगतात. मी तो सल्ला देत नाही, कारण तो कधी आणि किती ताणाला तुटेल याचा भरवसा नसतो. नवी बारीक तंगूस वापरा.

अडचण एकच: हा दोरा फेकीतच तुटतो. जेट्टीवरून खाली सोडताना किंवा हलकं टाकताना प्रश्न नाही, पूर्ण फेक असेल तर पुढचं पाहा.

१२. कमजोर दोरा फेकताना तुटतो. मग लांब फेकणाऱ्याने काय करायचं?

फेकीचा भार त्या दोऱ्यावर येऊ द्यायचा नाही. शेवटच्या स्विव्हलला कडक स्टीलच्या तारेचा छोटा, उघड्या तोंडाचा आकडा जोडा, तोंड वरच्या दिशेला. शिशाची कडी त्या आकड्यात अडकवा. कमजोर दोरा त्याच स्विव्हलपासून शिशाच्या कडीला बांधलेला आणि सैल राहू द्या. फेकताना शिसं आकड्यावर तोललेलं असतं, त्यामुळे सगळा ओढा तार घेते. शिसं पाण्यावर आपटलं की क्षणभर ताण सुटतो, कडी आकड्यातून निसटते, आणि तळाला जाईपर्यंत शिसं फक्त दोऱ्यावर लोंबत असतं.

यासाठी तयार क्लिप मिळतात. तार घरी वाकवायची असेल तर मऊ बाइंडिंग वायर नको, ती फेकीत सरळ होते. आणि फेक सलग, गोलाईने करा. आधी शिसं झुलवत बसलात तर ते तुमच्या डोक्यावरच निसटेल.

१३. अडकलेलं शिसं न तोडता सोडवायचा काही मार्ग?

आधी ओढू नका. सरळ ओढलं की शिसं फटीत आणखी घट्ट बसतं. तंगूस सैल सोडा आणि दोनतीन लाटा जाऊ द्या. पुष्कळदा लाटच ते उलट्या बाजूने हलवते. मग खडपावरून दहावीस पावलं बाजूला जाऊन दुसऱ्या कोनातून हलके झटके द्या. तंगूस ताणून धरून बोटाने तारेसारखी छेडायची आणि एकदम सोडायची, यानेही शिसं उडी मारून बाहेर येतं.

काही केल्या येत नसेल तर रॉडने ओढू नका, रॉड मोडतो. रॉड तंगुशीच्या रेषेत सरळ धरा, तंगूस एका काठीला चारपाच वेढे गुंडाळा, तोंड दुसरीकडे फिरवा आणि मागे चालत जा. हाताला कधीच गुंडाळू नका, ब्रेड तर मांसात शिरते. तोंड फिरवायचं कारण हे की ताणलेल्या नायलॉनवरून सुटलेलं शिसं थेट तुमच्याकडे येतं.

त्यानंतर शेवटचे दोन हात तंगूस बोटांतून काढून पाहा. एवढी ताणलेली तंगूस तशीच वापरली तर पुढच्या फेकीत तीच दगा देते.

१४. माझी तंगूस शिशापाशी नाही, त्याच्या हातभर वर घासून तुटते. हे कसं?

शिसं दोन खडपांच्या मधल्या घळीत उतरलं आहे आणि तंगूस वरच्या कडेवर टेकली आहे. प्रत्येक लाटेला ती तिथे मागेपुढे होते. कालवं धरलेल्या कडेवर हे मिनिटांत संपतं. मुंबईच्या किनाऱ्यावर रचलेल्या टेट्रापॉडच्या (काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांच्या) फटींत आणि जेट्टीच्या खांबांभोवतीही हेच होतं.

रॉड उभा आणि उंच धरा, म्हणजे तंगूस कडेपासून सुटी राहते. जमलं तर खडपाच्या उंच टोकावर जा. लीडर निदान घळीच्या खोलीपेक्षा लांब ठेवा. आणि जागा वाचायला शिका: मोठ्या ओहोटीला गळ घरी ठेवून नुसतं बघायला जा. उघड्या पडलेल्या खडपात वाळूचे पट्टे कुठे आहेत, घळी कुठे आहेत, हे मोबाइलवर टिपून ठेवा. भरतीला त्या वाळूच्या पट्ट्यात टाकलेलं शिसं क्वचितच अडकतं, आणि मासेही खडपाच्या त्याच कडेने फिरतात.

१५. टोक ब्लेडने कापल्यासारखं होतं, आणि तिथे खडप नव्हतं, वाळू होती.

केंड मासा. त्याचे दात चोचीसारखे जुळलेले असतात आणि तंगूस तो सहज कापतो. बगा आणि टोळ यांचेही दात तसेच तिखट. हे मासे चकाकणाऱ्या स्विव्हलवर किंवा रंगीत मण्यावरही तोंड टाकतात, म्हणून तुटण्याची जागा शिशापाशी येते आणि आपण शिशाला दोष देतो. स्विव्हल आणि मणी काळे वापरा. आमिष वारंवार कुरतडलं जात असेल तर केंडांचा थवा आहे असं समजून जागा बदला. स्टीलची तार लावता येते, पण तांबोशी, काळुंद्र असले सावध मासे मग आमिषाला लवकर तोंड लावत नाहीत.

१६. मासा लागला की तुटते, एरवी नाही.

ड्रॅग, म्हणजे ओढ आल्यावर तंगूस सोडणारा रीलचा ब्रेक, फार आवळलेला आहे. तंगुशीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याला रील तंगूस सोडू लागेल एवढाच ठेवा. स्प्रिंगचा ताणकाटा असेल तर त्याला तंगूस बांधून मोजा: ८ किलोच्या तंगुशीला दोन-अडीच किलो. खडपातला गोब्रा बिळात शिरू नये म्हणून ड्रॅग आवळावाच लागतो हे खरं, पण मग लीडर आणि गाठही त्या हिशेबाने भक्कम हवी.

शिसं घट्ट बसवलेलं असेल तर आणखी एक गोष्ट होते. मासा डोकं झटकतो तेव्हा ते वजन उलटसुलट फेकलं जातं आणि गाठीला हिसके बसतात. सरकतं शिसं (प्रश्न ३) हा त्रास टाळतं. शिंगाळा गिरक्या घेतो, त्याच्यासाठी स्विव्हल चांगलं फिरतं ना ते पाहा. खाऱ्या पाण्याने जाम झालेलं स्विव्हल नुसतं ओझं आहे.

१७. उधाणाला शिशापाशी जास्त तुटते, भांगाला कमी. हा भास आहे का?

भास नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो, म्हणून पाण्याला ओढ जास्त. हेच उधाण; अष्टमीच्या आसपास हा फरक कमी असतो, तो भांग. मुंबईकडे हा फरक मालवण-गोव्यापेक्षा जवळजवळ दुप्पट असतो, त्यामुळे तिकडच्या खाड्यांमध्ये हे जास्त जाणवतं. हलकं शिसं त्या ओढीत तळावरून लोळत खडपात जातं. लोक मग वजन वाढवतात, आणि लीडर तोच राहतो.

गोल शिसं सगळ्यात जास्त लोळतं. वाळूत पिरॅमिडच्या आकाराचं रुतून बसतं, ओढीत चपटं कमी सरकतं, आणि खडपात लांबट, निमुळतं शिसं फटीतून त्यातल्या त्यात सहज निघतं. उधाणाला आधी आकार बदला, वजन नंतर. भरती पूर्ण झाल्यावर पाणी थांबतं तो वेळ हलक्या शिशाने गरवायला उत्तम.

१८. तंगूस किती दिवसांनी बदलायची?

नेमाने गरवत असाल तर नायलॉन दर मोसमाला. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो ठिसूळ होतो, म्हणून रील गाडीच्या मागच्या काचेपाशी किंवा गच्चीत ठेवू नका. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. शेवटचा दोनतीन हात भाग मात्र दर खेपेला कापून गाठ नव्याने मारा. सगळी तंगूस टाकून द्यायची गरज नाही: रीलवरून काढून उलटी भरली की आतला न वापरलेला भाग पुढे येतो.

१९. धरणात शिसं कशात अडकतं? तिथे तर खडप नाही.

बुडालेल्या बाभळी, जुन्या बांधांचे दगड, घरांच्या भिंती. उजनीत पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, त्यावरून खाली काय काय असेल याची कल्पना येते. चिलापीसाठी शिसं हलकंच ठेवा. बाभळीच्या काट्यांत शिशापेक्षा गळ जास्त अडकतो, म्हणून तिथे ११व्या प्रश्नातला कमजोर दोरा अर्धंच काम करतो. बारीक तारेचा गळ वापरला तर ओढल्यावर तो सरळ होऊन सुटतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर जाऊन जागा पाहून ठेवणं इथेही लागू.

२०. शिशाऐवजी नट, बोल्ट किंवा दगड चालेल का?

चालेल, आणि खडपाच्या जागी तेच शहाणपणाचं आहे. गॅरेजमधले जुने स्पार्क प्लगही लोक वापरतात. मात्र तंगूस नटाच्या आतून ओवू नका, आट्यांच्या धारेवर ती कापली जाते. नेहमी कमजोर दोऱ्याने बांधून लोंबत ठेवा. भोकाचा दगड किंवा गुळगुळीत गोटा सुतळीने बांधला तरी पुरतो. त्याच आकाराचा नट किंवा दगड शिशापेक्षा हलका भरतो, म्हणून लांब फेकीला आणि जोराच्या ओढीला तो कमी पडेल.

शिसं कमी वापरायला आणखी एक सबळ कारण आहे. ब्रिटनमध्ये हंस तळाची बारीक शिशं गिळून मरू लागले, म्हणून १९८७ पासून २८ ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांची विक्री तिथे बंद केली गेली. आपल्या खाड्यांतही चिखल चाळून खाणारे पक्षी आहेत. घरच्या घरी शिसं वितळवून ओतत असाल तर स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकाच्या भांड्यात कधीच नको. साचा पूर्ण कोरडा हवा: ३२७ अंशांच्या पुढे तापलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब आला तर वाफ होऊन शिसं अंगावर उडतं.

२१. मी रॉड वापरत नाही, तंगूस हाताने गरगर फिरवून टाकतो. हे सगळं मला लागू आहे का?

बरंचसं आहे. मणी, भोकाची कड, गाठ, कमजोर दोरा हे जसंच्या तसं. शॉक लीडरची गरज नसते, कारण हातगरीची तंगूस मुळातच जाड असते.

तुमच्याकडे तुटण्याची वेगळी जागा आहे: फिरवताना बोटांत धरता तो भाग. तिथे ती दर वेळी त्याच ठिकाणी वाकते आणि घामाने, वाळूने घासते. धरण्याची जागा दर वेळी थोडी पुढेमागे करा. तंगूस खडपावर वेटोळी करून न ठेवता टोपलीत किंवा बादलीत ठेवा, नाहीतर सुटताना कालवावरून जाते आणि शिशापर्यंत पोहोचायच्या आधीच खरखरीत होते. आणि अडकल्यावर ओढताना प्रश्न १३ मधली काठी विसरू नका. तर्जनीवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला तर मोठा मासा लागल्यावरही बोट कापत नाही.